तुम्ही विचारलंत म्हणून: अँटिबायोटिकने हृदयाच्या झडपेवरची गाठ विरघळेल का?

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘झडपेवर गाठ’ लिहिलेलं असतं, अंगात ताप असतो आणि नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, इन्फेक्शनच आहे ना? मग अँटिबायोटिकने विरघळेल की! ऑपरेशन कशाला?”

खरी गाठ असेल तर जंतू मरतील, गाठ तशीच राहील. पण आधी ती गाठच आहे का, हे ठरवावं लागतं. बहुतेक वेळा ते जंतू, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांचं पुंजकं असतं. ते झडप कुरतडतं, तिला गळती लावतं. झडपेवर सर्वांत जास्त आढळणारी खरी गाठ म्हणजे पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. ती कॅन्सर नव्हे. बारीक देठावर लोंबते आणि झडपेला सहसा धक्का लावत नाही. काढून सलाइनमध्ये टाकली की तिचे तंतू समुद्रफुलासारखे उमलतात. मिक्सोमा ही हृदयातली दुसरी गाठ; तो मात्र बहुधा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) वाढतो, झडपेवर क्वचितच. तो इंटरल्यूकिन-6 हे दाह वाढवणारं प्रथिन सोडतो, त्यामुळे जंतू नसतानाही ताप येतो.

म्हणजे नुसत्या तापावरून काहीच ठरत नाही. अशा गाठीला जंतुसंसर्ग होणं दुर्मीळ, पण झाला की इकोवरचे हे फरकही पुसट होतात, अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोतसुद्धा. म्हणून माझा सगळा भर ब्लड कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यावर असतो. वेगवेगळ्या ठिकाणी टोचून तीन वेळा रक्त घ्यायचं, मोठ्या माणसात दर वेळी साधारण 20 मिली, दोन बाटल्यांत. “एवढं रक्त?” म्हणून घरचे धास्तावतात. पण रक्त कमी पडलं तर जंतू हाती लागत नाहीत. आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी! गोळ्या घेऊन आलेल्या पेशंटच्या बाटल्यांत बऱ्याचदा काहीच उगवत नाही, मग औषध अंदाजाने द्यावं लागतं. याची मला फार तळमळ वाटते. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र रक्त घेऊन लगेच औषध चालू करतो.

अँटिबायोटिक शिरेतून, साधारण चार ते सहा आठवडे. पण तो कोर्स संपेपर्यंत ऑपरेशनला थांबणं बऱ्याचदा धोक्याचं ठरतं. तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल तर मात्र सहसा काही आठवडे थांबावं लागतं. स्वीडिश सर्जन क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी 1954 साली स्टॉकहोममध्ये हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या) आधाराने पहिल्यांदा मिक्सोमा यशस्वीपणे काढला. त्याआधी हे निदान बहुधा शवविच्छेदनातच व्हायचं. आज फायब्रोइलास्टोमा झडपेवरून अलगद खरवडून काढता येतो. झडप जंतूंनी खाल्ली असेल आणि दुरुस्त होण्यासारखी नसेल तर ती बदलतात. काढलेल्या गाठीचा एक तुकडा कल्चरला आणि बाकीची पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. शेवटचा निर्णय त्यांच्या मायक्रोस्कोपखालीच होतो.

नंतर ठरल्या वेळी इको करायचा, कारण मिक्सोमा काही वेळा पुन्हा उगवतो. झडप बदललेली असेल तर दात काढण्याआधी डेंटिस्टला तसं सांगायचं, म्हणजे अँटिबायोटिकचा एक डोस आधीच देता येतो.