मोडीची वही : अठरा महिने आणि आठ आणे

आकडे आधी. मोडी लिपीला हात घातला त्याला या महिन्यात अठरा महिने झाले. पूर्ण लागलेली, म्हणजे वाचून उलगडलेली, पानं ६३, अर्धवट सोडलेली १९. ‘न लागलेले शब्द’ नावाची वेगळी वही आहे, तिच्यात आज २०७ नोंदी आहेत. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा २४० होत्या. इंग्रजी अमदानीतलं बरं अक्षर असेल तर एक पान पाऊण तासात उतरतं. पेशवाईतलं पान हाती आलं की सकाळ जाते, आणि तरी उतारा निम्मा रिकाम्या जागांचाच.

मागचं टिपण ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा सातारा जिल्ह्यातच. निवृत्तीनंतरचे पहिले महिने बरे गेले, कारण कपाटं आवरायची होती. मग मार्चअखेर आली आणि मला काहीच बंद करायचं नव्हतं. त्या रात्री साडेदहाला मी घरखर्चाची वही काढून वर्षाचा ताळेबंद मांडायला बसले, तेव्हा हे म्हणाले, “तुला काहीतरी काम शोधायला हवं.” भजनी मंडळ झालं, योगवर्ग झाला, गच्चीत वांगी लावून झाली. वांगी आली, पण ती माझ्यामुळे आली असं काही वाटलं नाही. मोडीचा दहा दिवसांचा वर्ग लागला तो निव्वळ शेजारच्या काकूंना सोबत हवी होती म्हणून. काकूंनी तिसऱ्या दिवशी सोडला.

सुरुवातीच्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही, मोडी शिकणारे तुम्ही सगळे त्यातून गेला आहात. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात आणि मग पहिला खरा कागद समोर आला की काहीच येत नाही. एकच गोष्ट सांगते, मला ती उशिरा कळली. मी अक्षर काढायचे आणि वर रेघ द्यायचे, बाळबोधीची, म्हणजे देवनागरीची, सवय. मोडीत रेघ आधी. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो न उचलता. एकरेघी वहीची छापील रेघच शिरोरेघ धरली आणि तिच्याखाली लिहायला लागले, तेव्हा आठवड्यात अक्षराला वळण आलं. आणि लिहिता येऊ लागल्यावर वाचता यायला लागलं, उलट नाही. हात कुठून वळला असेल ते बोटांना कळतं, मग डोळ्यांना. बोरू मिळाला नाही म्हणून अडू नका, तिरक्या टोकाचं पेनही चालतं.

माझ्याकडे कागद आहेत ते सासरचे. दापोली तालुक्यातल्या घराचं छप्पर काढून पत्रे घालायचे ठरलं, तेव्हा माळ्यावर एक रुमाल सापडला, म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. दीरांनी फोनवर सांगितलं, “वहिनी, जुने कागद आहेत, जाळू का?” मी त्याच रात्रीची एसटी पकडली. अर्ध्या कागदांना कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागलेली होती आणि वाळवीने एक कोपरा जाळी केला होता. आल्या आल्या मी फाटक्या कडांना सेलोटेप लावली. असं कोणी करू नका. वर्षभरात टेप पिवळी पडली, आणि एका कागदावरून ती काढायला गेले तर खालची दीड ओळ टेपेबरोबर आली. ती दीड ओळ गेली ती गेलीच. आता कागद बटरपेपरात ठेवते आणि वाचायला फोटोच घेते, सकाळच्या तिरप्या उजेडात, खिडकीशी.

आता मूळ गोष्ट.

गाठोड्यात एक कीर्द आहे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, चाळीसेक पानांची. पाहताक्षणी मला हसू आलं, कारण कीर्द आणि खतावणी हे शब्द मी नोकरीला लागले तेव्हा जुने कारकून सर्रास वापरायचे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. एका पानावर तारीख होती : मार्गशीर्ष शुद्ध, शके १८ आणि पुढे १. मधला आकडा कसरीने खाल्लेला. पण संवत्सराचं, म्हणजे साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव शाबूत होतं, ‘विरोधीनाम संवत्सरे’. इथे एक युक्ती सांगते, लिहून ठेवा. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. विरोधी तेविसावा. १८११ अधिक १२ म्हणजे १८२३, साठाने भागून बाकी २३. बसला. त्याच्या मागचा विरोधी शके १७५१ चा आणि पुढचा १८७१ चा. १७५१ तर १८ ने सुरूच होत नाही, आणि १८७१ म्हणजे १९४९ साल, तेव्हा घरात कीर्द लिहिणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे १८११, इसवी १८८९. संवत्सराच्या नावाकडे आपण पाल्हाळ म्हणून बघतो, पण खाल्लेला आकडा भरून काढायला ते साक्षीदारासारखं उभं राहतं.

पानावरचा हिशोब असा. जमेला मागील शिल्लक ११॥ आणि भाताचे २३, एकूण ३४॥. खर्चात मजुरी ९।, कौले १२, तेल २॥।, देवीकडे १. दंडांची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी : आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेव्हा ९। म्हणजे सव्वानऊ आणि २॥। म्हणजे पावणेतीन. आणखी एक बाब होती, ‘स्टाप॥’. पुढे भोक. मी समजले की शब्द तोडून लिहिला आहे, ‘मौजे’चं ‘मौ॥’ करतात तसा, आणि रक्कम कसरीच्या पोटात गेली. बाकीच्या बाबींची बेरीज २५. जमा ३४॥, खर्च २५, उरायला हवेत ९॥. लिहिणाऱ्याने शिल्लक टाकली होती ९.

आठ आण्यांचा फरक.

कोणी म्हणेल, सव्वाशे वर्षांपूर्वीचे आठ आणे, तुला काय त्याचं? पण ज्याने कधी कॅशला बसून संध्याकाळी हिशोब जुळवला आहे त्याला हे कळेल. मी जेवायला उठले नाही. मजुरीचा दंड पुन्हा पाहिला, कौलांचा आकडा भिंगाखाली घातला. भोकाजागी काही रक्कम असणार हे उघड होतं, पण मग ती नेमकी आठ आणेच निघावी हा योगायोग मला पटेना. बँकेत असा फरक निघाला की आम्ही आधी पावत्या तपासायचो आणि मग स्वतःला. म्हणून स्वतःला तपासलं. भोक बारकाईने पाहिलं तर ते दोन दंडांपासून चांगलं बोटभर लांब होतं, आणि दंडांनंतर त्या ओळीत शाईचा ठिपकाही नव्हता. म्हणजे कसरीने कोरा कागद खाल्ला होता. ते दोन दंड शब्द तोडल्याची खूण नव्हतेच. तीच रक्कम होती. स्टँपाच्या कागदाला अर्धा रुपया. खर्च २५॥, शिल्लक ९. तंतोतंत.

रात्रीचे सव्वाबारा झाले होते. ह्यांना उठवून सांगितलं. “जुळला का? झोप आता,” म्हणाले.

तेव्हापासून माझा नियम : शब्दाला चिकटलेले दोन दंड दिसले की आधी विचारायचं, हे शब्दाचे की पैशाचे? पानावर बेरीज असेल तर ती करून बघायची. हिशोबाचे कागद नव्यांनी म्हणूनच आधी घ्यावेत असं माझं मत झालं आहे. पत्रात चूक झाली तर कोण सांगणार? कीर्द तुम्हाला खोटं पडू देत नाही. आपल्यापैकी बरेच जण पहिल्याच महिन्यात थोरामोठ्यांच्या पत्रांवर झेप घेतात. मीही घेतली होती. मोडी शिकतेय म्हटलं की प्रत्येक पाहुणा ‘ध चा मा’ विचारतो, त्यामुळे आपल्यालाही वाटायला लागतं की मोडी म्हणजे कारस्थानं. माझ्या रुमालात कारस्थान एकही नाही. कौलं आहेत. आणि ती कौलं कुठली, मंगलोरी की गावठी नळे, ते लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. पण ज्या छपरासाठी बारा रुपये गेले तेच छप्पर आम्ही उतरवलं असावं, असं दीरांचं म्हणणं. कौलं अजून गोठ्यामागे रचून ठेवली आहेत.

चुका पुष्कळ. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, दोन्ही मिळून फजिती करतात. एका कर्जरोख्यात ‘तीनवरसे’ असं सलग होतं. मी ‘ती नवरसे’ वाचलं आणि अर्धा दिवस शेतकऱ्याच्या कर्जात शृंगार-वीर-करुण कुठून आले याचा विचार करत बसले. तीन वरसे. फेडीची मुदत. आता सलग ओळ लागली नाही की ती मोठ्याने वाचते. डोळा अडतो तिथे कान शब्द तोडून देतो. ह्यांना वाटतं मी पोथी वाचतेय.

गेल्या दोन महिन्यांत पेशवेकाळाकडे वळले आहे, सरावाला छायाप्रती मिळाल्या म्हणून. तिथली पहिली भिंत म्हणजे सुहूर सन, त्या काळच्या कागदांवरची वर्षगणना. आकडे अरबी शब्दांत, आणि उलटे, एकं आधी. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर, हा कागद ओट्यावरच्या फरशीला चिकटवला आहे. पोळ्या लाटताना म्हणते. इहिदे सितैन मया व अलफ : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. यात जानेवारी ते मेपर्यंत ६०० मिळवायचे आणि मृग लागल्यावर ५९९, कारण हे साल मृगाला बदलतं. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. पानिपतचं साल. पौष शुद्ध ८, शके १६८२, १४ जानेवारी. पाठांतराला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही, कारण उत्तर आधीच माहीत असतं.

मायन्याची वळणं पाठ करून टाका. ‘विनंती उपरी येथील कुशल’ सुरू झालं की पुढची ओळ न वाचता कळते, आणि त्या फुकटात कळलेल्या ओळीतून त्या लेखकाची अक्षरं ओळखून घ्यायची. हा माणूस ‘व’ कसा काढतो, ‘ल’ची शेपटी कुठे नेतो. मग अनोळखी मजकुरात शिरायचं. बँकेत नमुना सही समोर ठेवून चेकवरची सही बघायचो, तसंच आहे हे. छत्तीस वर्षं मी तेच केलं, आणि निवृत्तीच्या दिवशी मला वाटलं होतं की ही नजर आता कोणाच्या उपयोगाची नाही.

उपयोगाचं म्हणाल तर, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांची विचारपूस वाढली आहे. माझ्याकडेही दोघे-तिघे घरचे कागद घेऊन आले. पहिल्याला मी उत्साहात तिथल्या तिथे वाचून दाखवलं आणि एक गावाचं नाव चुकवलं. घरी परत पाहिल्यावर लक्षात आलं, धावत फोन केला. आता सरळ सांगते, “मी शिकाऊ आहे, उतारा देईन, पण कचेरीत दाखवायचा असेल तर जाणत्याकडून तपासून घ्या.” उताऱ्यात शंका असेल तिथे तांबडी खूण करते. पैसे घेत नाही. एक आजोबा मात्र ऐकेनात, पुढच्या खेपेला पायलीभर इंद्रायणी तांदूळ ठेवून गेले. जमेला मांडला.

सध्या हातात जे पान आहे ते एका कर्जरोख्याचं शेवटचं. वरचा मजकूर सगळा लागला. खाली सह्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापली निशाणी केलेली. दोघांच्या नावांपुढे नांगर, आणि मजकूर ‘निशाणी नांगराची’. एक नांगर घाईचा, तीन फटकाऱ्यांत संपवलेला. दुसऱ्याने फाळ, रुमणं सगळं काढलंय, चांगलं जीव लावून. तिसरी निशाणी बांगडीची. म्हणजे बाई. गोल नीट जुळलेला नाही, जिथे सुरू केला तिथे परत येताना बोरू थोडा आत गेला आहे. मी काउंटरवर असताना अंगठा उठवायला येणाऱ्या बायका पदराला बोट पुसायच्या, ते आठवलं. तिचं नाव बांगडीच्या डावीकडे आहे, चार अक्षरं. शेवटचं ‘ई’ किंवा ‘बाई’चा भाग असावा, दुसरं ‘म’ वाटतं पण खात्री नाही, कारण हा लिहिणारा ‘म’ दोन तऱ्हांनी काढतो. पहिल्यावर टेपेचा पिवळा डाग आहे, माझाच. उद्या सकाळी ऊन खिडकीत आलं की पुन्हा फोटो घेईन, या वेळी कागदाच्या मागच्या बाजूनेही. शाई उतरलेली असली तर पाठीमागून दिसते. नाव उलटं वाचावं लागेल, एवढंच.