बुध वक्री आणि निफ्टी: दावा तपासायचा कसा

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास बुध वक्री झाला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता उलट्या दिशेनं सरकू लागला, आणि त्याच दिवशी एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजाराचा) निर्देशांक निफ्टी ६६२ अंकांनी, म्हणजे २.६८ टक्क्यांनी पडून २४,०५५.६० वर बंद झाला. बुध वक्री असताना बाजारात गडबड होते, असा दावा ग्रहांवरून बाजाराचा कल सांगणारे करतात आणि हे उदाहरण आवर्जून देतात. मात्र त्या दिवशी बाजार सव्वानऊला उघडला तोच खाली. बँक ऑफ जपाननं ३१ जुलैला व्याजदर वाढवला होता, स्वस्त येन उसना घेऊन जगभर गुंतवणाऱ्यांची पळापळ सुरू झाली होती आणि टोकियोचा निक्केई १२ टक्क्यांहून जास्त कोसळला होता.

आता पूर्ण वक्री काळ बघू. बुध मार्गी झाला, म्हणजे पुन्हा सरळ चालू लागला, २९ ऑगस्टच्या पहाटे. त्याआधीचा शेवटचा बंद भाव, २८ ऑगस्टचा, २५,०५२.३५. शुक्रवार २ ऑगस्टच्या २४,७१७.७० पासून मोजलं तर निफ्टी १.३५ टक्के वर. सोमवारच्या बंद भावापासून मोजलं तर ४.१ टक्के वर. आणि फक्त पहिला दिवस धरला तर २.६८ टक्के खाली. ग्रह तोच, आकडे तेच, उत्तरं तीन. म्हणून माझा आग्रह असा की भावाची फाईल उघडण्याआधी नियम कागदावर पूर्ण लिहावा: कोणत्या बंद भावाला बाहेर पडायचं, कोणत्या बंद भावाला परत शिरायचं, आणि काय दिसलं तर दावा खोटा मानायचा. ‘बुध वक्री असताना बाजारात गडबड होते’ हा नियम नाही. गडबड म्हणजे घसरण की चढउतार, हेही त्यात ठरलेलं नाही. ‘वक्री होण्याआधीच्या बंद भावाला विकायचं, मार्गी झाल्यानंतरच्या पहिल्या बंद भावाला घ्यायचं’ हा नियम.

वेळा मुंबईच्याच हव्यात. परदेशी वेबसाइटवर मार्गी होण्याची तारीख २८ ऑगस्ट दिसते, कारण तिथे न्यूयॉर्कची किंवा ग्रीनिचची वेळ असते. स्विस एफेमेरिस हे ग्रहांच्या स्थिती काढून देणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यातल्या ग्रीनिच वेळेत साडेपाच तास मिळवायचे.

सायन (राशी वसंतसंपातापासून मोजणं) की निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजणं) हा वाद इथे कुठे लागू होतो आणि कुठे नाही, यात बरेच जण गोंधळतात. या दोन मोजणींतल्या अंतराला अयनांश म्हणतात. वक्री-मार्गी तारखा, युती आणि तिथी यांना अयनांशाचा फरक पडत नाही, कारण त्यात ग्रहाची दिशा किंवा दोन ग्रहांमधलं अंतर मोजलं जातं. फरक पडतो तो राशिप्रवेशाला. शनी सायन मीनेत ७ मार्च २०२३ ला गेला. लाहिरी अयनांशानं, म्हणजे निरयन मोजणीनं, तोच प्रवेश २९ मार्च २०२५ ला. मधे दोन वर्षांहून जास्त अंतर! आपल्याकडे तर पंचांगापंचांगातही फरक आहे: टिळक पंचांगाचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी, म्हणून त्यात मकरसंक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीच्या आसपास येते. सूर्याच्या बाबतीत हे चार दिवस. शनीच्या बाबतीत तेच चार अंश म्हणजे काही महिने. ‘शनीनं राशी बदलली आणि बाजार फिरला’ असं कोणी म्हटलं, तर कोणत्या अयनांशानं हे आधी विचारा. तिन्ही तारखा हाताशी ठेवल्या की कुठली तरी एक जुळतेच.

सूर्याच्या राशींवर तर वेळ घालवू नये. सूर्य मकरेत म्हणजे १४ जानेवारी ते १२-१३ फेब्रुवारी. २०१७ पासून अर्थसंकल्पाचा दिवस, १ फेब्रुवारी, त्यातच येतो. तिथे जे सापडेल ते कॅलेंडरचं असेल.

प्रत्यक्ष काम एका शीटचं आहे. एनएसईच्या निर्देशांकांच्या साइटवरून निफ्टीचे रोजचे बंद भाव घ्या. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात बंद भाव, तिसऱ्यात आदल्या दिवसापासूनचा टक्केवारीतला बदल, चौथ्यात वक्री असेल तर १, नाहीतर ०. मग १ असलेल्या आणि ० असलेल्या दिवसांच्या बदलाची सरासरी वेगवेगळी काढा. दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांचा तास ठेवायचा की वगळायचा हेही आधीच ठरवा. उलाढाल नगण्य असते आणि शीटमध्ये तो एक अख्खा दिवस म्हणून मोजला जातो.

सरासरीत फरक दिसणारच. तो केवढा असला तर मानायचा? बुध वर्षाला तीन-चारदा, दर वेळी सुमारे तीन आठवडे वक्री असतो. ३० वर्षांत साधारण ९५ वेळा. निफ्टीची रोजची हालचाल १.२ टक्के प्रमाण विचलनाची (सरासरीपासून एरवी होणाऱ्या चढउताराची) धरली, तर पंधरा व्यवहारी दिवसांची होते ४.६ टक्के (१५ च्या वर्गमुळानं गुणून), आणि ९५ वेळांच्या सरासरीतली चूक ०.४८ टक्के (९५ च्या वर्गमुळानं भागून). म्हणजे दर वक्री काळामागे या चुकीच्या दुपटीपेक्षा, साधारण १ टक्क्यापेक्षा, कमी फरक दिसला, तर तो नुसत्या योगायोगानंही सहज दिसू शकतो.

याहून भक्कम तपासणी अशी: चौथा रकाना जसाच्या तसा ठेवून तो पुढे सरकवा, २३ दिवस, ४१ दिवस, ६७ दिवस, आणि दर वेळी तोच फरक काढा. अशा खोट्या वक्री काळांतही तेवढाच फरक वारंवार आला, तर खऱ्या वक्रीला काही वेगळं वजन नाही. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे, व्यवहाराचे नव्हेत. बुधाचं चक्र सुमारे ११६ दिवसांचं आहे. ११६ च्या पटीच्या आसपास सरकवलं की खोटी वक्री पुन्हा खऱ्यावरच येऊन बसते.

सगळ्यात मोठा सापळा पुढेच आहे: पुष्कळ नियम तपासून जुळलेले तेवढेच दाखवणं. केतू कायम राहूच्या समोर, म्हणून तो सोडला तर आठ ग्रह उरतात. त्यांच्या जोड्या २८, प्रत्येकीचे पाच कोन धरले तर १४० नियम. पाच टक्क्यांच्या कसोटीवर (जिच्यात शंभरातले पाच पोकळ नियमही पास होतात) त्यातले सात निव्वळ नशिबानं पास होतील. तेवढेच सात दाखवले तर कुणालाही ते पटतील. किती नियम तपासून हा निवडला, हे न सांगणाऱ्याचा तक्ता बाजूला ठेवावा.

गुरू-शनी युती सुमारे २० वर्षांनी येते. सेन्सेक्सचं आधारवर्ष १९७८-७९. तेव्हापासून ती तीनच वेळा आली: १९८०-८१, २००० आणि २०२०. तीन नोंदींवर कुठलाच नियम उभा राहत नाही. २१ डिसेंबर २०२० ला, ऐन युतीच्या दिवशी, निफ्टी ३.१४ टक्के पडला. ब्रिटनमधल्या कोरोनाच्या नव्या प्रकाराची बातमी होती. पुढच्या ऑक्टोबरात तोच १३,३२८ वरून १८,४७७ वर पोहोचला. युती तेजीची म्हणायची की मंदीची?

या सगळ्यात मला आदर वाटतो तो विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सबद्दल. दख्खनमध्ये दुष्काळ पडला त्या १८७०च्या दशकात या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं सूर्यडाग आणि व्यापारी अरिष्टं यांची सांगड घातली. त्याची साखळी अशी होती: सूर्यडागांमुळे भारतातलं पाऊसपाणी बदलतं, पिकावरून इथली मागणी बदलते, तिच्यावरून ब्रिटनचा व्यापार. ती टिकली नाही; अरिष्टांशी जुळावं म्हणून त्यानं सूर्यडागांचं चक्रही सुमारे ११ ऐवजी साडेदहा वर्षांचं मानलं. पण प्रत्येक कडी वेगळी तपासता येईल असं कारण त्यानं मांडलं होतं. बुधाच्या बाबतीत तशी कडी कुणी दाखवत नाही.

चंद्राचं प्रकरण थोडं वेगळं आहे. ४८ देशांच्या बाजारांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पौर्णिमेच्या आसपासचा परतावा अमावास्येच्या आसपासच्यापेक्षा वर्षाला ३ ते ५ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे आपण अमावास्येला सौदा टाळतो त्याच्या अगदी उलट. तुमच्या शीटमध्ये दोन्ही टोकांच्या आसपासचे सात-सात दिवस धरून हे जरूर करून बघा.

आणि नियम पास झालाच, तर खर्च वजा करा. दर वक्रीला विकून परत घेतलं की एकही शेअर वर्षभर हातात राहत नाही. त्यामुळे नफ्यावर १२.५ ऐवजी २० टक्के कर, शिवाय प्रत्येक फेरीला दलाली, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) आणि मुद्रांक शुल्क. वर्षातून तीन फेऱ्यांचा हा हिशेब पाचव्या रकान्यात मांडा. कोणी पैसे घेऊन ग्रहांवरून खरेदी-विक्रीचे सल्ले देत असेल, तर त्याचा सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा) नोंदणी क्रमांक मागा: रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचनं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएनं. तो सेबीच्या साइटवर नावासकट पडताळता येतो.