मूल्यमापनासाठी बाहेरचा माणूस नेमताना

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या संस्थेचं काम चालतं. विडी वळणाऱ्या बायांचे बचत गट, त्यांच्यासाठी शिलाईचं प्रशिक्षण आणि थोडंफार आरोग्याचं. शिलाईचा प्रकल्प संपत आला तसा पैसे देणाऱ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च बघणाऱ्या) विभागाचा मेल आला, की करारात लिहिल्याप्रमाणे आता बाहेरच्या व्यक्तीकडून मूल्यमापन करून घ्या, खर्च बजेटमध्ये धरलेला आहेच. काम माझ्या गळ्यात पडलं. हिशेब सोडून उरलेलं सगळं कागदी काम तसंही माझ्याकडेच येतं.

विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न अण्णांनी टाकला. "सीए येतात की दरवर्षी. मग हे आणि कशाला?" प्रश्न रास्त होता. सीए बघतात ते शिलाई मशीनचं बिल आहे का, ठराव झालाय का, पैसे ज्या कामासाठी आले त्यावरच खर्च झाले का. ते मशीन आज चालतंय की त्यावर चादरींची चळत ठेवलीय, हे बघायला ते येत नाहीत आणि ते त्यांचं कामही नाही.

दुसऱ्या एका विश्वस्तांनी ऐकलं होतं की हे आता कायद्यानेच सक्तीचं झालंय. आमच्यासारख्या बऱ्याच संस्थांचा हा समज असतो, म्हणून सांगते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली सीएसआर येतं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत परिणाम मूल्यांकनाची अट घातली गेली. पण ती कंपनीवर आहे, आणि तीही अशा कंपनीवर जिचं मागच्या तीन आर्थिक वर्षांतलं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे. शिवाय प्रकल्प १ कोटी किंवा त्याहून मोठा आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेला हवा. आमचा प्रकल्प यात कुठेच बसत नव्हता. आम्हाला बांधत होता तो करार, आणि करारात 'स्वतंत्र मूल्यमापन' याच्या पुढे एक अक्षर नव्हतं. म्हणजे काय विचारायचं ते आम्हीच ठरवणार होतो. मला तर हे बरंच वाटलं.

मग टीओआर, म्हणजे मूल्यमापनात काय तपासायचं आणि कोणत्या अटींवर ते सांगणारा कागद. नेटवर तयार नमुने ढिगाने मिळतात आणि जवळजवळ सगळ्यांत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीचे निकष असतात. १९९१ पासून ते पाच होते, २०१९ मध्ये सुसंगततेची भर पडून सहा झाले: प्रासंगिकता, सुसंगतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि शाश्वतता. प्रत्येकाखाली चार-पाच प्रश्न. मोठ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांना हे शोभतं. आमच्या एवढ्याशा बजेटमध्ये सहाही निकष मागितले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं पान आलं असतं आणि त्या अर्ध्या पानात कुणालाच काही कळलं नसतं.

म्हणून आमच्या क्षेत्र कार्यकर्त्यांना घेऊन बसले आणि विचारलं, तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय? तासभर कुणी बोलेना. कंपनीला काय आवडेल तेच जो तो सांगत होता. चहा झाल्यावर एकजण म्हणाली, "मॅडम, शिलाई शिकलेल्या निम्म्या बाया परत विड्याच वळतात असं मला वाटतं. ते का, ते कुणी तरी विचारा." त्या वाक्यावर टीओआर उभा राहिला. शिकलेल्या बाया आज काय करतात आणि ज्या शिवत नाहीत त्या का शिवत नाहीत? गटाचं कर्ज मिळायला लागल्यावर सावकाराकडे जाणं कमी झालं का? संस्था बाजूला झाली तर गट चालतील का, कोणते? एवढेच प्रश्न ठेवले. खाली आमच्याकडे काय काय आहे ते लिहिलं: बेसलाईनचे, म्हणजे प्रकल्पाआधीच्या पाहणीचे कागदी फॉर्म, गटांची रजिस्टरं, प्रशिक्षणाची हजेरी, मध्येच सोडून गेलेल्यांची यादी. ही शेवटची यादी द्यायची की नाही यावर आमच्यातच बराच वाद झाला. मी अडून बसले.

बजेटची कमाल रक्कम टीओआरमध्ये छापावी या मताची मी आहे. अण्णांचं म्हणणं, आकडा सांगितला की सगळे तेवढाच लावतील. लावू देत. आकडा न सांगता मागवलेले प्रस्ताव एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत. एकजण दहा घरं धरून दर लावतो, दुसरा पाचशे घरं धरून.

जाहिरात डेव्हनेट या सामाजिक क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर टाकली, तुळजापूरच्या टिसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून) शिकून गेलेल्यांच्या ग्रुपवर फिरवली, पुण्यातल्या ओळखीच्या संस्थांना पाठवली. प्रस्ताव बऱ्यापैकी आले. एकाच्या पद्धतीच्या पानावर आमच्या जागी दुसऱ्याच राज्यातल्या जिल्ह्याचं नाव होतं आणि तिथल्या भातशेतीबद्दल एक परिच्छेद होता. एका मोठ्या फर्मच्या प्रस्तावात पहिल्या पानावर दांडग्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ होते, पण दिवसांचा तक्ता उघडला तर सोलापुरात येणार होते ते नुकतेच लागलेले दोन सहायक, तज्ज्ञांच्या नावापुढे प्रत्येकी दीड दिवस. ज्याला असे प्रस्ताव तपासायचे असतील त्याने आधी तो तक्ताच बघावा. बाकी पानं गुळगुळीतच असतात.

गावातल्याच एका प्राध्यापकांचाही प्रस्ताव होता. माणूस चांगला, विडी कामगारांचा प्रश्न आतून माहीत असलेला, दरही वाजवी. पण याच प्रकल्पात त्यांनी आमच्यासाठी दोन सत्रं घेतली होती आणि मानधनही घेतलं होतं. नाही म्हणावं लागलं. हे मेलवर सांगण्यासारखं नव्हतं, घरी जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

प्रस्तावांच्या गुणांची वाटणी तांत्रिक ७०, आर्थिक ३० अशी ठेवली होती. आर्थिक गुण काढायची रीत सोपी आहे. सगळ्यात कमी दराला पूर्ण ३०, बाकीच्यांना त्या प्रमाणात. समजा सगळ्यात कमी दर २ लाखांचा आणि दुसऱ्याचा अडीच लाखांचा, तर दुसऱ्याला २४ मिळतात. सहा गुणांचा हा फरक चांगल्या पद्धतीच्या जोरावर भरून निघतो, आणि ७०-३० ठेवण्यामागचा हेतू तोच असतो. एका ठिकाणी मात्र जपायला लागतं. फर्म्सचे दर '१८ टक्के जीएसटी वेगळा' असे होते आणि एकट्याने काम करणाऱ्यांपैकी काहींची उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून जीएसटी नोंदणीच नव्हती. आमच्यासारख्या ट्रस्टला भरलेला जीएसटी कुठून वळता करून मिळत नाही. तेव्हा आमच्या खिशातून शेवटी किती जाणार, तोच आकडा धरून तुलना केली.

मुलाखतींना सगळ्यांना एकच प्रश्न ठरवून विचारला. समजा शिलाई शिकून पुन्हा विडीकडे वळलेली बाई तुमच्यासमोर बसलीय, तिला काय विचाराल? फर्मच्या साहेबांनी ऑनलाईन पडद्यावर टॅबलेटवरचा फॉर्म दाखवला. त्यात 'रोजगार बदलण्यातील अडथळे' म्हणून पर्यायांची यादी होती, बाईने त्यातला निवडायचा.

पुण्याहून आलेल्या बाईंनी आमच्या प्रश्नाचं उत्तर न देता आम्हालाच विचारायला सुरुवात केली. "विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या कधी द्यायला जातात? पगार आठवड्याला होतो ना? घरी तेलुगू बोलतात ना सगळ्या?" होय म्हटल्यावर म्हणाल्या, "मला तेलुगू येत नाही. तुमच्या कार्यकर्त्यांना दुभाषी म्हणून घेणार नाही, त्यांच्यासमोर कोण तक्रार करणार? तुमच्याशी संबंध नसलेल्या दोन तेलुगू बोलणाऱ्या मुली शोधाव्या लागतील. त्यांचे पैसे माझ्या प्रस्तावात नाहीत, ते वाढवावे लागतील." निवडीच्या मुलाखतीत स्वतःचा दर वाढवून मागणारा उमेदवार मी पहिल्यांदाच पाहिला. वाढ धरूनही रक्कम आमच्या कमाल आकड्याच्या आत राहत होती. बाई दाराबाहेर पडल्या तसे अण्णाच म्हणाले, "यांनाच द्या."

बाईंबरोबरच्या करारात मी तीन गोष्टींवर वेळ घालवला. हप्ते कामाला बांधले: सुरुवातीचा आराखडा मंजूर झाल्यावर एक, मसुदा आल्यावर एक, अंतिम अहवालावर शेवटचा. टीडीएस १० टक्के कापला जाईल हे आधीच लिहिलं, कारण हप्ता हातात पडल्यावर त्यावरून तोंडं वाकडी झालेली मी पाहिली आहेत. आणि एक कलम बाईंनी स्वतः घालायला लावलं: मसुद्यातली माहिती चुकीची असेल तर संस्थेने पुराव्यासह दाखवावी, ती दुरुस्त होईल, निष्कर्ष पटला नाही तर संस्थेने आपलं म्हणणं वेगळं जोडावं, निष्कर्ष बदलणार नाही. सही करताना अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं.

क्षेत्रभेटींसाठी फेब्रुवारी धरला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, तेव्हा कुणी घरी सापडत नाही, आणि एप्रिलनंतरच्या सोलापूरच्या उन्हात बाहेरच्या माणसाला घरोघर फिरवणं माणुसकीला धरून नाही. शिवाय ज्या गल्लीला ज्या दिवशी नळाला पाणी येणार, तिथे त्या दिवशी जायचं नाही हे आमच्या कार्यकर्त्या मुलींनी आधीच बजावलं होतं. भेटायच्या बायांची नावं बाईंनी रजिस्टरवरून स्वतः काढली, सोडून गेलेल्यांसकट. आमच्या 'यशोगाथां'तल्या, ज्यांना आम्ही प्रत्येक पाहुण्यापुढे उभं करतो, त्यांतल्या फार थोड्या त्या यादीत आल्या.

पहिल्या दिवशी घरं दाखवायला म्हणून मी सोबत होते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका घराच्या ओट्यावर एक विडीवाली बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने पान कापत होती. पुण्याच्या बाईंनी माझ्याकडे बघून सरळ सांगितलं, "ताई, तुम्ही आता कोपऱ्यावर चहा घेऊन या." मला राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ज्या गल्लीत वावरतोय तिथून आपल्यालाच बाहेर काढतात म्हणजे काय! टपरीवर दोन चहा झाले तरी आतलं बोलणं संपेना. आमच्यासमोर हीच बाई पाच मिनिटांत 'सगळं चांगलंय' म्हणून मोकळी व्हायची.

मसुदा आला तेव्हा कळलं की ओट्याओट्यांवर काय बोलणं झालं होतं. शिलाई उत्तम शिकवली गेली, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण प्रशिक्षण बेतलेलं होतं ते सोलापूरच्या गणवेश कारखान्यांच्या नोकरीसाठी. ते काम दिवसभराचं, घर सोडून जायचं. विडी घरी बसून, पोर सांभाळून, भाकरी थापता थापता मध्ये वळता येते. तिचा पगार थोडा असला तरी आठवड्याला हातात येतो आणि नोंदणी असेल तर पीएफ आहे. पीएफचं वर्ष मोडून अनोळखी कारखान्यात जायला त्यांची तयारी नव्हती. ज्या शिवत होत्या त्या लग्नसराईत ब्लाऊज शिवून वरकड मिळवत होत्या, विडी चालू ठेवून. 'पर्यायी उपजीविका' या शीर्षकाखाली आम्ही कंपनीला कळवलेल्या बायांपैकी बहुतेकींसाठी तो पर्याय नव्हता, जोड होती. बचत गटांची बाजू मात्र आम्हाला वाटत होती त्याहून भक्कम निघाली. बेसलाईनच्या फॉर्मवर ज्यांनी सावकाराचं नाव सांगितलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणी आता दवाखान्यासाठी आणि शाळेच्या फीसाठी गटाकडूनच उचलत होत्या.

बैठकीत सूचना आली की शिलाईचा परिच्छेद 'जरा मवाळ' करता येईल का विचारा. मी कराराचं ते कलम वाचून दाखवलं. मग आम्ही दोन पानांचा संस्थेचा प्रतिसाद लिहिला. त्यात निष्कर्ष मान्य केला, हजेरीच्या एका आकड्यातली चूक रजिस्टरसह दाखवली (ती त्यांनी लगेच दुरुस्त केली), आणि पुढे काय करणार ते नोंदवलं. कंपनीकडून भूकंपाची अपेक्षा होती. त्यांच्या मॅनेजरनी फोनवर एवढंच विचारलं, "हे आम्हाला दुसऱ्या वर्षी का नाही कळलं?" त्याला उत्तर काय देणार? दुसऱ्या वर्षी विचारायला पैसे कुणीच ठेवले नव्हते, त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही. तेही मी त्यांना सांगितलं.

अहवालातले मुख्य मुद्दे गटांच्या बैठकीत तेलुगूत वाचून दाखवायचे, अशी अट टीओआरमध्ये होती, आणि ती पाळली गेली. वाचून झाल्यावर मागून एक अक्का उठल्या. कारखान्यात जायला जमत नाही हे तुम्हाला आता कळलं, ठीक आहे, मग कारखान्यातलं काम कापून घरी आणून देता येतं का, असं त्यांनी विचारलं. सध्या आम्ही त्याच्याच मागे आहोत. दोन गणवेश उत्पादकांशी बोलणं चालू आहे. कॉलर आणि खिसे घरी शिवून देण्याला एकाची तयारी आहे, पण नगामागे जो दर तो सांगतोय तो विडीच्या हजारी मजुरीच्या (हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीच्या) हिशेबाने परवडतो का, ते आमच्या मुली आता बायांबरोबर बसून काढताहेत.