माहेबूरचं बेट आणि चतुर्थीची रात्र

मराठी मंडळींना मॉरिशस दाखवायला नेणं हे माझं टूर मॅनेजरचं काम. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि सकाळपासून आग्नेयेचा वारा असा सुटला होता, की पूर्व किनाऱ्यावरच्या इल ओ सर्फच्या बोटी बंद ठेवल्या होत्या. पांढरी वाळू आणि पॅरासेलिंगची स्वप्नं बघत आलेल्यांचे चेहरे उतरले. आमचा बसड्रायव्हर तिथलाच, मराठी समाजातला. घरी क्रिओल ही तिथली बोली, आमच्याशी थोडी हिंदी, थोडी मराठी. तो म्हणाला, "दादा, माहेबूरला चला. तिथलं छोटं बेट प्रवाळाच्या बांधाच्या आत, शांत पाण्यात आहे, बोट जाते."

त्या बेटाचं नाव इल ओ एग्रेत. जेमतेम 26 हेक्टर, सगळी प्रवाळाची चुनखडी, किनाऱ्यापासून एक किलोमीटरसुद्धा नाही. उतरल्यावर एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इथे बघायचं काय? नुसती झुडपंच दिसतायत." त्यांचं चुकत नव्हतं. त्या झुडपांची गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय ती दिसत नाहीत.

ती सांगितली तिथल्या तरुण रेंजर मुलीने. ती इंग्रजीत बोलत होती आणि मी मराठीत सांगत होतो. डच लोक 1598 साली मॉरिशसला उतरले तेव्हा इथे माणूस नव्हता. डोडो होता, राक्षसी कासवं होती आणि काळ्याभोर लाकडाच्या आबनूसाची जंगलं होती. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. कासवं खलाश्यांनी जिवंतच जहाजात भरून नेली, कारण ती अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात आणि ताजं मांस मिळत राहतं. पुढे त्यांच्या दोन्ही जाती नामशेष झाल्या. आबनूस तोडला गेला. जे थोडं उरलं ते अशा लहान बेटांवर.

पण उरलेल्या आबनूसालाही पुढे वंश नव्हता. फळं धरायची, झाडाखालीच पडून कुजायची. ती गिळून बिया लांब नेऊन टाकणारं जनावरच राहिलं नव्हतं. आमच्यातले एक काका वनखात्यातून निवृत्त झालेले. फळ पाहून ते म्हणाले, "अहो, हे तर आपल्या टेंभुर्णीचं भावंड!" आणि खरंच, दोन्ही एकाच कुळीतली. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने 2000 सालापासून इथे सेशेल्समधल्या अल्दाब्राची राक्षसी कासवं आणून सोडली, गेलेल्यांच्या जागी. ती फळं खातात, बेटभर फिरतात. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजतात, हेही अभ्यासातून सिद्ध झालं आहे. वाटेत एक कासव अगदी आडवं पसरलं होतं. त्याच्या लिदीत उगवलेलं आबनूसाचं रोप रेंजरने दाखवलं, तेव्हा काका गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. बाकीची मंडळीही गप्प झाली होती. इतकी वर्षं मी लोकांना धबधबे आणि सात रंगांची माती दाखवतो, पण असा शांत घोळका मला क्वचितच लाभला आहे.

पुढे गुलाबी कबूतर दिसलं, पायात रंगीत कड्या घातलेलं. 1990च्या सुमारास जंगलात अशी जेमतेम दहा उरली होती. आता पाचशेच्या आसपास आहेत. उंदीर आणि मांजरं बेटावरून हटवणं, परदेशी तण हातांनी उपटणं, पक्ष्यांना दाणा ठेवणं, असं रोजचं काम त्यामागे आहे. 2020 साली वाकाशियो जहाज जवळच्याच प्रवाळावर आदळून तेल सांडलं, तेव्हा माहेबूरच्या लोकांनी उसाचं पाचट आणि माणसांचे केससुद्धा कापडात भरून तेल अडवायला पाण्यात टाकले. हे सांगताना त्या मुलीचा आवाज कापला. मला ते भाषांतर करणं जड गेलं.

संध्याकाळी ड्रायव्हरने सगळ्यांना आपल्या घरी नेलं. मातीचा गणपती, आरती, आणि मग रात्र जागवायला अंगणात झाकरी हा नाच. मध्ये ढोलकी आणि झांजा, भोवती रिंगण. काकू संगमेश्वर तालुक्यातल्या, देवरुखच्या. त्या पहिल्याच फेऱ्याला उठल्या. "अरे, ही आमची जाखडी!" पाऊल तेच, गिरकी तीच. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांनी ती जपली आहे. काकू रिंगणात शिरल्या तशी घरातल्या पोरींनी त्यांचा हात धरला.

मग ड्रायव्हरचे वडील आतून एक कागद घेऊन आले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं आहेत. तिथून काढलेली त्यांच्या पणजोबांची नोंद. जहाजाचं नाव, नंबर, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं. चष्मे बाहेर आले. काकू म्हणाल्या, "नायरी असणार." काका म्हणाले, "छे, नावडी." म्हातारे गृहस्थ दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. परतताना बसमध्येही वाद चालूच होता, आणि काकूंनी माझ्याकडून कागदाचा फोटो मागून घेतला. देवरुखला पोचल्या पोचल्या त्या दोन्ही गावांतल्या जुन्या माणसांना विचारणार होत्या.