माशाच्या हेड किडनीत पांढऱ्या पेशी मरतात तेव्हा

माशाला रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा नसते. ते काम मुख्यतः हेड किडनी, म्हणजे मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग, करते. त्यामुळे विषाणूने तिथेच घाव घातला, की लढणाऱ्या पेशी जातात आणि त्यांच्या जागी येणाऱ्या पेशीही. ट्राउट माशाचा आयएचएन (रक्तपेशी बनवणारा भागच मारणारा विषाणूजन्य रोग) हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. अशा माशाच्या किडनीचा तुकडा काचपट्टीवर हलकेच टेकवून गिम्सा या रंगाने रंगवला, तर फुटलेल्या केंद्रकांचे अवशेष आणि फेसाळ मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात.

पेशीच्या आखीव मरणात, म्हणजे अपोप्टोसिसमध्ये, कॅस्पेस-३ हे एंझाइम जागं होतं, पेशी आक्रसते, पण आवरण बराच वेळ टिकतं. पायरोप्टोसिस या दुसऱ्या तऱ्हेच्या मरणात आवरणालाच भोकं पडतात, पेशी फुगून फुटते आणि आतला माल सांडून दाह भडकतो. सस्तन प्राण्यांत हे भोकं पाडायचं काम प्रामुख्याने गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन करतं. हाडांच्या माशांत ते नाहीच, तिथे गॅस्डर्मिन-ई बघायचं.

या मरणाच्या मोजमापात घोळ होतो तो बहुधा पेशी वेगळ्या करतानाच. माशाच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं, म्हणून फक्त डीएनए रंगवून पांढऱ्या पेशी निवडता येत नाहीत. ट्राउटसाठी ३४ आणि ५१ टक्के पर्कोलच्या (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) थरांवर ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ४ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं, ब्रेक बंद ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि मधला थर उचला. पेशी १५ ते १८ अंशांत वाढवा. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये त्या उष्णतेनेच मरतील आणि दोष विषाणूवर जाईल.

अ‍ॅनेक्सिन-व्ही या, मरणाऱ्या पेशीच्या आवरणाला धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटायला कॅल्शियम लागतं. बफरमध्ये ते २.५ मिलिमोलर हवं. आधीच्या धुण्यातलं, कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए उरलं, तर मेलेल्या पेशीही धडधाकट वाटतात. सुमारे एक लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, १५ मिनिटं अंधारात ठेवा आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून मोजणारं यंत्र) वाचा.

वेळ निवडताना विशेष सांभाळा. शरीरात मरणारी पेशी मॅक्रोफेज गिळतो, डिशमध्ये गिळणारे पुरेसे नसतात. त्यामुळे अपोप्टोसिस झालेली पेशीही पुढे फुटते आणि प्रोपिडियम आयोडाइड हा, आवरण फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग घेते. संसर्गानंतर फक्त ४८ तासांचा नमुना पाहिला, तर सगळं नेक्रोसिसच (पेशीचं बेशिस्त फुटून मरणं) भासतं. ६, १२ आणि २४ तासांचे नमुने घ्याच.

सोबत तुलनेसाठी यूव्हीने निष्क्रिय केलेला विषाणू आणि कॅस्पेस रोखणारं झेड-व्हॅड हे रसायन हवं. विषाणूच्या प्रथिनाचाही रंग द्या, कारण मरणाऱ्या अनेक पेशींत विषाणू नसतोच. शेजारच्या पेशींनी सोडलेल्या टीएनएफसारख्या दाहाच्या रासायनिक संदेशांनीही त्या मरू शकतात, आणि हा रंग नसेल तर त्या संसर्गित पेशींत मोजल्या जातात.