ग्रॅच्युइटीचा हिशोब आणि टेम्पररीची तीन वर्षं

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात, मी जून १९९६ मध्ये लागलो आणि ३१ जानेवारी २०२३ ला निवृत्त झालो. सेटलमेंटच्या कागदावर ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार धरून मालकाने द्यायची रक्कम, होती २,६९,१०० रुपये. अकाउंट्समधल्या मुलाने पेन पुढे केलं, "काका, इथे फुल अँड फायनलची सही करा." मी म्हटलं, आधी हिशोब कसा केलात ते दाखवा.

हिशोब दोनच ओळींचा होता. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २३,४००. त्याला ३० ने भागून १५ ने गुणलेलं. सेवा २३ वर्षं. मला दोन्ही ओळी खटकल्या. माझ्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात महिना पगारावरच्या माणसाचा रोज, म्हणजे एका दिवसाचा पगार, काढताना महिना २६ दिवसांचा धरत, ३० चा नाही. म्हणजे माझा रोज ९०० रुपये आणि १५ दिवसांचे १३,५००. कंपनीने ते ११,७०० केले होते.

वर्षांचा घोळ मोठा होता. २३ वर्षं मोजली होती ती सप्टेंबर १९९९ च्या पर्मनंट ऑर्डरपासून. त्याआधी मी टेम्पररी होतो, पण प्रेस तीच, शिफ्ट तीच, सुपरवायझरही तोच. कायदा ऑर्डर बघत नाही, सलग सेवा बघतो. सलगतेवर वाद असेल तर बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष धरलं जातं, आणि त्या २४० मध्ये भरपगारी रजाही येते. शेवटचा तुकडा सहा महिन्यांच्या वर गेला की तोही पूर्ण वर्ष. माझी २६ वर्षं ७ महिने म्हणजे २७ वर्षं. २७ गुणिले १३,५००, म्हणजे ३,६४,५००. ९५,४०० रुपये कमी होते. ज्या माणसाने उभी हयात प्रेसवर काढली त्याच्यासाठी ही रक्कम किरकोळ नसते.

चेक घेतला, पण व्हाउचरवर "हरकतीसह स्वीकारला, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" असं लिहूनच सही केली. मग फॉर्म आय, म्हणजे मालकाकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, भरून रजिस्टर एडीने पाठवला. खरं तर कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम काढून ३० दिवसांत देणं मालकावर बंधनकारक आहे. तरीही अर्ज केलेला बरा. पुढे पोचपावती कामाला येते. कंपनीचं उत्तर आलं: टेम्पररी काळ धरता येत नाही.

मग युनियनच्या जुन्या सेक्रेटरींना घेऊन नियंत्रण प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, फॉर्म एन हा दाव्याचा अर्ज दाखल केला. त्याला तेव्हा ९० दिवसांची मुदत होती. उशिराचं सबळ कारण दिलं तर पुढेही घेत, पण त्या भरवशावर राहू नये.

तिथे खरी किंमत कळली ती पीएफच्या वार्षिक स्लिपांची. १९९६-९७ ची स्लिप घडीवर फाटायला आली होती, पण नंबर आणि वर्गणीची रक्कम स्वच्छ वाचता येत होती. पुढच्या दोन वर्षांचीही तशीच, त्याच नंबरावर. कंपनीच्या वकिलांनी ब्रेकचा, म्हणजे सेवेत खंड पडल्याचा मुद्दा काढला, तेव्हा आम्ही त्या वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, मागितलं. ते त्यांनी दाखवलंच नाही. माझ्याकडे तीन पगारपत्रकंही होती, दिवाळीच्या बोनसबरोबर जपून ठेवलेली. ती जोडली.

तारखा पडत गेल्या, कंटाळाही आला. निकाल मात्र स्पष्ट होता: २७ वर्षं, २६ चा भागाकार, आणि थकलेल्या रकमेवर दर साल दर शेकडा १० प्रमाणे सरळव्याज. त्यानंतरही मालकाने रक्कम अडवली असती तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता आली असती. ती वेळ आली नाही, पैसे खात्यावर जमा झाले. आयकराचा प्रश्न नव्हता, २० लाखांच्या मर्यादेच्या फारच खाली होतो.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. आमच्या शॉपमधल्या त्या मुलांना मी पीएफच्या नोंदी आत्तापासून डाउनलोड करून ठेवायला सांगतो. माझ्यानंतर निवृत्त झालेल्या दोघांचा हिशोब कंपनीने टेम्पररीची वर्षं धरूनच काढला.