पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट

स्टॉकहोमला जायच्या आधी मी रीतसर यादी केली होती, अकरा ठिकाणं, कुठे किती वाजता, सगळं फोनमध्ये. आईनं ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "तू ये बघून, मी कुठेतरी पाण्याकाठी बसते." आता हे शहरच 14 बेटांवर वसलंय, एका बाजूला मेलारेन नावाचं तळं आणि दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र, त्यामुळे बसायला जागा भरपूर, यादीचं मात्र कठीण दिसत होतं.

सकाळी गामला स्तान, म्हणजे जुनं गाव. पिवळी-तांबडी उंच घरं, दगडी रस्ते, फोटो छान येतात पण गुडघ्यांना ते दगड अजिबात मानवत नाहीत. तिथली सगळ्यात अरुंद गल्ली एका टोकाला जेमतेम 90 सेंटिमीटर आहे, आईनं वाकून बघितली आणि "आमच्या आजोळी अशी बोळकांडं होती, त्याला तिकडून कोण बघायला आलं नाही कधी" म्हणून पुढे निघाली.

राजवाड्याशेजारी तळ्याचं पाणी जोरात समुद्राकडे धावतं आणि ऐन शहरात लोक तिथे गळ टाकून उभे असतात. एक आजोबा होते, त्यांच्या मागे आम्ही चांगली वीस मिनिटं उभ्या. मासा काही लागला नाही. त्यांना काही वाटलं नाही, आईलाच चुटपुट लागून राहिली.

मग कॉफी. तिकडे कॉफीसोबत काहीतरी गोड खात निवांत बसायचं, याला फिका म्हणतात, आणि तो अगदी मनापासून करतात. मी दालचिनीचा बन सोडून शेजारचा गाठ मारल्यासारखा दिसणारा घेतला. आईनं तोडला, नाकाशी नेला आणि डोळे मोठे केले. "अगं, वेलची!" खरंच, जाडीभरडी कुटलेली, काळे दाणे दिसतायत, वास थेट आपल्या शिऱ्याचा. एवढ्या थंड देशात वेलचीचा इतका सढळ हात बघून मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. दोन आणखी घेतले.

स्लुसेनहून यूरगोर्डन बेटावर फेरीबोट जाते, मेट्रोचं तिकीट तिच्यावर चालतं, 75 मिनिटं. तिथे वासा म्युझियम. आत अंधारलेलं, गार, आणि समोर आख्खं लाकडी जहाज, 1628 सालचं, काळंभोर, 64 तोफांचं. राजाला घाई होती. निघायच्या आधी 30 माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून बघितलं, जहाज इतकं डुलायला लागलं की ती परीक्षाच थांबवली, आणि तरी 10 ऑगस्टला शिडं उभारलीच. तेराशे मीटर गेलं असेल, वाऱ्याचा झोत आला, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं, संपलं. "म्हणजे आपल्या घरापासून स्टेशनपर्यंतसुद्धा नाही गं पोचलं!" आई. तिला जहाजापेक्षा पुढची गोष्ट आवडली, की बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारी ती समुद्री कीड जगत नाही, म्हणून 333 वर्षांनी, 1961 मध्ये, वर काढलं तेव्हा ते जवळजवळ आख्खंच निघालं. "खालीच बरं होतं ते," असंही म्हणाली, का ते सांगितलं नाही.

परतीची बोट स्लुसेनला लागली, मी उठले, आई हलेना. "तिकीट किती वेळाचं म्हणालीस?" झालं, आम्ही त्याच बोटीनं परत यूरगोर्डनला, आणि तिथे न उतरता पुन्हा इकडे. वारा तोंडावर, लहान मुलं कठड्याला लटकलेली, डावीकडे जत्रेसारख्या पार्कातल्या पाळण्यातून किंचाळ्या. मला भाऊच्या धक्क्याची लाँच आठवली, फक्त इथे कोणी कोणाला ढकलत नव्हतं. उरलेली आठ ठिकाणं मी तेव्हाच मनातून काढून टाकली.

नऊ वाजले. जून महिना, ऊन अजून समोरच्या खिडक्यांवर. आई धक्क्यावरच्या बाकावर बसून वाट बघत होती. "दिवेलागण कधी व्हायची इथे?"

"दहा तरी वाजतील."

"मग अजून एक फेरी होईल."

"आई, तिकीट संपलं."

"मग काढ की दुसरं."